तळ्यांच्या तीरी शिवदर्शन : चोरखमाऱ्याहून चार दिवसांच्या चार वाटा

माघ वद्य चतुर्दशीची रात्र जवळ आली की महाराष्ट्रातील भाविकांची पावले आपोआप शिवालयांकडे वळू लागतात. आपले राज्य सागरकिनाऱ्याचे. सातशेहून अधिक किलोमीटरांची किनारपट्टी त्याला लाभलेली. त्यामुळे यात्रा आणि सहल यांचा मेळ घालावयाचा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे प्रथम कोकण उभे राहते. हरिहरेश्वराचा खडकाळ काठ, देवगडजवळच्या कुणकेश्वराच्या पायऱ्यांशी गर्जणारा सागर, गणपतीपुळ्याची शुभ्र वाळू, ही स्थाने खरोखरच धन्य आहेत. परंतु याच राज्याचे दुसरे टोक, जेथे सागराचा वाराही पोहोचत नाही, तेथेही निसर्गाने आणि मानवाने मिळून एक आगळा किनारा निर्माण केला आहे. तो किनारा आहे तळ्यांचा. आजच्या पर्वकाळी वाचकांना आम्ही त्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील चोरखमाऱ्याला, घेऊन जाणार आहोत.

चोरखमारा : वनाचे महाद्वार

गावाचे नाव प्रथम ऐकणाराला किंचित विचित्र वाटेल. पण गाव मात्र मोठे भाग्यवान. तिरोडा तालुक्यातील हे लहानसे खेडे नागझिऱ्याच्या अरण्याला अगदी बिलगून वसले आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर आणि गोंदिया यांच्या दरम्यान तिरोडा हे स्थानक लागते. तेथे उतरून दक्षिणेकडे निघाले की दोहों बाजूंना धानाची बांधीव शेते, मधूनच एखादी बोडी, म्हणजे लहानसे तळे, आणि पुढे निळसर डोंगरांची रांग दिसू लागते. त्या रांगेच्या पायथ्याशी चोरखमाऱ्याचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. मातीच्या बांधाचा हा जलाशय १९२३ सालचा. याच तालुक्यातील बोदलकसा येथील जलाशय त्याच्याही आधीचा, १९१७ चा. आज दोहोंना शंभर वर्षे उलटून गेली. तरी त्यांच्या पाण्यावर धान पिकतो, ढीवर बांधवांची जाळी पडतात आणि हिवाळ्यात दूरदूरचे पाहुणे पक्षी उतरतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. किनारपट्टीच्या राज्यातले हे पाणी असूनही ते आपल्या पश्चिम सागराला जाऊन मिळत नाही. या परिसरातील ओढेनाले वैनगंगेला मिळतात. वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत विलीन होते आणि गोदामाईच्या ओंजळीतून हे जल पूर्व सागराला अर्पण होते. म्हणजे त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या गोदावरीत चोरखमाऱ्याच्या ओढ्याचाही वाटा आहे. नाशिकच्या भाविकाने गोदेत स्नान करावे आणि गोंदियाच्या शेतकऱ्याने तिला जल पुरवावे, असे हे दूरचे परंतु खरे नाते आहे.

पहिला दिवस : नागझिऱ्याचा नाग आणि महादेव

चोरखमारा हे नागझिऱ्यात प्रवेश करण्याचे एक अधिकृत द्वार आहे. नागझिरा १९७० साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे मूळ क्षेत्र सुमारे १५२ चौरस किलोमीटर. पुढे २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव, नागझिरा आणि लगतची वने एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प स्थापन करण्यात आला. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, रानकुत्रा, सांबर आणि चितळ यांचे हे माहेरघर. कै. व्यंकटेश माडगूळकरांनी या वनात मुक्काम केला आणि त्यावर पुस्तकच लिहिले. त्यामुळे मराठी वाचकांना हे नाव परिचयाचे आहे.

परंतु भाविकांना या नावातच अधिक गोडी वाटेल. वनाच्या मध्यभागी नागाचे एक लहानसे देऊळ आहे, जवळच महादेवाचे स्थान आहे आणि डोंगराच्या पोटातून बारमाही वाहणारा झरा आहे. नाग आणि झिरा, यांवरून नागझिरा. या प्रदेशातील इतर गावांची नावे पाहावीत. पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी! जणू प्रत्येक गावाने आपल्या नावातच पाण्याची नोंद करून ठेवली आहे. जेथे झरा तेथे वस्ती, आणि जेथे झरा तेथे देव, हा येथील जुना न्याय. जटेत गंगा आणि कंठी नाग धारण करणाऱ्या शंकराला याहून अनुरूप स्थान ते कोणते?

नागझिऱ्याचे दर्शन म्हणजे मात्र गावातल्या देवळाचे दर्शन नव्हे. येथे पायी हिंडता येत नाही. वनखात्याची परवानगी घेऊन, नोंदणी झालेल्या वाहनातून आणि मार्गदर्शक बरोबर घेऊनच आत जावे लागते. पावसाळ्याच्या महिन्यांत वनाचा अंतर्भाग पर्यटकांना बंद असतो. नागपंचमी नेमकी याच काळात येते. त्या दिवशी आपण घरी पाटावर चंदनाने नाग काढून पूजा करावी आणि अरण्यातल्या नागाला त्याचे अरण्य निवांत भोगू द्यावे, हेच उचित. देवाला एकांत देणे ही देखील एक सेवाच आहे.

महाशिवरात्रीच्या सुमारास येथे जाणाऱ्याला वनाचे एक वेगळेच रूप दिसते. पानगळ सुरू झालेली असते, साग उघडा पडू लागलेला असतो आणि पळसाला केशरी बहर आलेला असतो. थोड्याच दिवसांत मोहाची फुले टपटपू लागतात. बेलाची झाडे येथे रानोमाळ आहेत. मात्र अभयारण्यातील एक पानही तोडण्याची मुभा नाही. शिवाला बिल्वदल वाहावयाचे असेल तर ते घरूनच न्यावे. आपल्या परसात बेल लावून त्याचे पान वाहणाराला वनातले पान ओरबाडण्याची गरजच पडत नाही.

दुसरा दिवस : नवेगावबांध आणि बांध घालणारा देव

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून दक्षिणेस अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध गाठावे. लोहमार्गाने यावयाचे झाल्यास गोंदिया-बल्लारशहा मार्गावरील देऊळगाव हे स्थानक येथून जवळ पडते. सुमारे अकरा चौरस किलोमीटर विस्ताराचे हे सरोवर पाहून प्रथमच येणारा प्रवासी स्तिमित होतो. हे मानवाने घडविले असेल यावर त्याचा विश्वासच बसत नाही. परंतु अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी नावाच्या पुरुषाने हा बांध घातला, असे येथील इतिहास सांगतो.

या प्रदेशातील कोहळी समाजाची ख्यातीच तळी बांधण्याबद्दल. परंपरा अशी की, चांद्याचे एक गोंड राजे काशीयात्रेला गेले असता तेथील या लोकांचे जलविद्येतील कौशल्य पाहून प्रसन्न झाले आणि त्यांना आपल्या राज्यात घेऊन आले. जो तळे बांधील त्याला जमीन, अशी गोंड राजांची उदार रीत होती. त्यातून वैनगंगेच्या खोऱ्यात सहस्रावधी तळी आणि बोड्या उभ्या राहिल्या. आजही भंडारा-गोंदिया या भागाला तलावांचा प्रदेश म्हणतात तो यामुळेच. एका राजाच्या तीर्थयात्रेतून साऱ्या प्रदेशाची तहान भागावी, यात्रेचे याहून मोठे फळ कोणते सांगावे?

नवेगावच्या सरोवराभोवती सात शिखरे आहेत. लोक त्यांना सातबहिणी म्हणतात. बांध घालण्याच्या कामी कोलू पाटलाला देवांनी साहाय्य केले आणि त्यांच्या पाऊलखुणा अद्यापि दिसतात, अशी श्रद्धा आहे. पुढे लोकांनी त्या बांध घालणाऱ्या पाटलालाच देवपद दिले. कोलासूर देव या नावाने एका शिखरावर त्याचे ठाणे आहे. वाचकहो, क्षणभर विचार करावा. आपल्याकडे पराक्रमी वीरांची देवळे आहेत, संतांच्या समाध्या आहेत. परंतु माती वाहून, पाळ घालून, पाणी अडवून ज्याने गावाला अन्न दिले त्याला देव मानणारी ही भूमी किती कृतज्ञ! देवत्व हे कृतीतून प्राप्त होते, याचा असा प्रत्यक्ष दाखला फार थोड्या ठिकाणी मिळेल.

सरोवराच्या मध्यभागी मालडोंगरी नावाचे बेट आहे. भोवतालच्या वनाला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि येथील पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अली यांचे नाव देण्यात आले. पक्षी, वृक्ष आणि वनवासी बांधवांच्या भाषेतील शब्द यांचा आयुष्यभर संग्रह करणारे कै. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथे राहिले. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांच्या पुस्तकाचे नावच या गावाशी जडलेले आहे. २०२५ साली पद्मश्रीने त्यांचा सन्मान झाला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते निवर्तले.

प्रतापगड : एका डोंगरावर दोन प्रार्थना

नवेगावहून त्याच तालुक्यातील प्रतापगडास जावे. शिवछत्रपतींचा जावळीतला प्रतापगड तो निराळा. हा गोंड राजवटीतील किल्ला आज भग्न झाला आहे, तरी महादेवाचे स्थान मात्र जागते आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. झाडीपट्टीतून, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या दाट झाडीच्या मुलखातून, शेजारच्या छत्तीसगडातूनही भाविकांचे जथे येतात. महादेवाच्या यात्रेला निघालेल्या अशा जथ्याला इकडे 'पोहा' म्हणतात. खांद्यावर त्रिशूळ, मुखी हरहर महादेवाचा गजर आणि मागोमाग बायाबापड्या, लेकरेबाळे, असे पोहे गावोगावहून चालत येताना पाहिले की पंढरीच्या दिंड्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

याच प्रतापगडावर ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे. महादेवाच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू दर्ग्यापुढेही माथा टेकवून जातो आणि दर्ग्यावर आलेल्या मुसलमान बांधवाला शिवभक्तांच्या गजराचे परकेपण वाटत नाही, अशी या डोंगराची कीर्ती आहे. भरीस भर म्हणून, याच परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्गेलिंग ही वसाहत आहे. आपली मायभूमी सोडून आलेल्या या बौद्ध बंधूंना ज्या मातीने थारा दिला ती शंकराच्या पायाशीच आहे. कैलासाचा तो देश त्यांचा, आणि कैलासपतीचे हे ठाणे आपले. योग मोठा विलक्षण खरा! जवळच गाढवी नदीवरील इटियाडोहाचे धरण आहे. वेळ असल्यास मावळतीच्या सुमारास तेही पाहून घ्यावे.

तिसरा दिवस : नागरा, मांडोदेवी आणि कचारगड

तिसरा दिवस गोंदिया नगरासाठी राखून ठेवावा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण. शहरापासून अगदी जवळ नागरा येथे प्राचीन शिवमंदिर आहे. ज्यांना वृद्धापकाळामुळे वा प्रकृतीमुळे डोंगर चढणे शक्य नाही त्यांनी प्रतापगडाऐवजी महाशिवरात्रीला येथेच यावे. गोरेगाव तालुक्यातील मांडोदेवीचे स्थान नवरात्रात भक्तांनी फुलून जाते. आश्विनाप्रमाणे चैत्रातील नवरात्रही येथे साजरे होते आणि ज्योतिकलश प्रज्वलित केले जातात.

पूर्वेकडे सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्थानकाजवळ, हाजरा धबधबा आहे आणि त्याच डोंगरात कचारगडाची प्रसिद्ध गुहा आहे. हे गोंड समाजाचे परमपवित्र स्थान. माघी पौर्णिमेला, म्हणजे महाशिवरात्रीच्या जेमतेम पंधरवडा आधी, देशातील अनेक राज्यांतून गोंड बांधव येथे जमतात. काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांची मुक्तता केली. वादक हिरासुका पाटालीर याने गुहेच्या तोंडावरची शिळा हटविताना आपला प्राण वेचला, अशी त्यांची परंपरा सांगते. येथूनच लिंगोंनी कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा स्वतःचा धर्ममार्ग, समाजाला दिला असे ते मानतात.

आपल्या वाचकांनी कचारगडाला जरूर जावे. परंतु तेथे यजमान आपण नव्हे, पाहुणे आहोत हे ध्यानी धरावे. त्यांच्या विधींना आपली नावे देऊ नयेत, त्यांच्या रांगेत घुसू नये, विचारल्याविना छायाचित्रे घेऊ नयेत. ज्या गोंड राजांनी कोहळ्यांना आणून ही तळी बांधविली त्यांच्याच वंशजांचे हे देवघर आहे. दुसऱ्याच्या देवघरात आपण जसे पादत्राणे बाहेर काढून, आवाज खाली आणून जातो, तसेच जावे.

चौथा दिवस : गायमुख आणि चांदपूर

आणखी एक दिवस हाती असेल तर तिरोड्याहून पश्चिमेस भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात जावे. सातपुड्याच्या पायथ्याशी गायमुख हे रम्य स्थान आहे. येथेही महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पचमढीच्या महादेवाला जाणे ज्यांना जमत नाही अशी कितीतरी कुटुंबे येथेच आपला नवस फेडतात. चांदपूरचा मारुती आणि तेथील तलाव पाहून परतीच्या वाटेवर आंबागड किल्ला करता येतो. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजाखान पठाण याने इ. स. १७०० च्या सुमारास तो बांधला.

उपवासाचा शिंगाडा आणि तळ्यांचे ऋण

महाशिवरात्रीचा उपवास आपल्या घरोघरी असतो. त्या दिवशी शिंगाड्याच्या पिठाची थालीपिठे किंवा शिरा पानात येतो. हा शिंगाडा येतो कोठून, याचा विचार आपण क्वचितच करतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील याच तळ्यांत ढीवर बांधव शिंगाड्याची लागवड करतात. कंबरभर पाण्यात उतरून, काटेरी फळे हातांनी वेचून, उकडून, वाळवून ती बाजारात पाठविली जातात. आपल्या उपवासाच्या पुण्यात त्या पाण्यात भिजलेल्या हातांचा भाग आहे.

आणि म्हणूनच एक चिंतेची गोष्ट येथे सांगणे अगत्याचे वाटते. कोहळ्यांनी बांधलेली तळी पूर्वी मालगुजारांच्या देखरेखीखाली असत. गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, 'तुडूम' म्हणजे पाणी सोडण्याची मोरी सांभाळणे, ही कामे गाव मिळून करी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. जुनी पिळवणूक गेली हे उत्तमच झाले; पण तळी सरकारी झाल्यावर 'हे आमचे' ही भावनाही पुष्कळ ठिकाणी ओसरली. गाळ साचत गेला, बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले, कित्येक बोड्या बुजून शेतात मिळाल्या. तळे आटले की धान जातो, मासा जातो, शिंगाडा जातो आणि पक्षीही जातो. एकमेकांवाचून न राहणारी सारसाची जोडी दांपत्यनिष्ठेचे प्रतीक म्हणून आपल्याकडे पूजनीय मानली जाते. महाराष्ट्रात तिचा आसरा आज मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातील धानशेते आणि तळी हाच उरला आहे. समाधानाची बाब ही की, काही गावांतील ढीवर मंडळींनी आणि अभ्यासकांनी मिळून तळ्यांतील झुडपे काढणे, देशी पाणवनस्पती लावणे आणि जुन्या जातींचे मासे परत आणणे हे काम हाती घेतले आहे.

यात्रेकरूंचे कर्तव्य येथेच सुरू होते. यात्रा संपल्यावर डोंगरावर आणि तळ्याकाठी जे उरते ते पाहून मन खिन्न होते. पत्रावळींच्या जागी आता प्लास्टिकची ताटे आली, फुलांच्या पुड्यांच्या जागी पिशव्या आल्या. पत्रावळ मातीत मिसळते. पिशवी मिसळत नाही. ती चितळाच्या पोटात जाते, नाहीतर तुडुमात अडकते. शंकराने हलाहल प्राशन केले ते जगाच्या रक्षणासाठी. आपण मात्र त्याच्याच दारी नवे हलाहल ठेवून यावे आणि ते पचविण्याची अपेक्षा मुक्या जनावरांकडून करावी, ही कोणती भक्ती?

काही उपयुक्त सूचना

नागझिरा-नवेगावचा प्रवेश आगाऊ नोंदवूनच निघावे. सणावारी आयत्या वेळी जागा मिळणे कठीण. महाशिवरात्रीच्या दिवशी प्रतापगड आणि गायमुख येथे अलोट गर्दी असते. लहान मुले व वृद्ध बरोबर असल्यास आदल्या किंवा नंतरच्या दिवशी दर्शन घ्यावे. शिव तोच असतो. पिण्याचे पाणी धातूच्या तांब्यातून वा फिरकीच्या बाटलीतून न्यावे. पहाटे या भागात थंडी आणि दुपारी चांगलेच ऊन असते, तेव्हा दोहोंची तयारी ठेवावी. वनाच्या हद्दीत ध्वनिक्षेपक, फटाके आणि मोठ्याने गाणी पूर्णतः वर्ज्य समजावीत. नवेगाव आणि नागझिरा या दोन वनांच्या मधून राष्ट्रीय महामार्ग जातो. तेथे रात्री वाहन सावकाश हाकावे. वन्य प्राण्यांची ये-जा याच वाटेने होते, आणि यात्रेच्या घाईत एखादा जीव चाकाखाली गेला तर त्या पापाला कोणतेही प्रायश्चित्त पुरे पडणार नाही.

आमची शेवटची विनंती लहानशी आहे. शिवपिंडीवर आपण संततधारेची गळती बांधतो. थेंब थेंब जल अखंड पडत राहावे, हा तिचा हेतू. तळ्यांच्या या प्रदेशात कोलू पाटलाने तेच केले, फक्त त्याची पिंडी म्हणजे सारी भूमी होती. यंदा दर्शनास जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावातील एका तळ्याची, विहिरीची वा ओढ्याची वर्षभर काळजी वाहण्याचा संकल्प देवापुढे सोडावा. पुढल्या महाशिवरात्रीला त्या पाण्यात चंद्राची कोर स्वच्छ दिसली, तर चंद्रमौलीचे दर्शन घरबसल्याच घडले असे खुशाल समजावे.